भंडारदऱ्याची शंभरी आणि पाटाखालचा ऊस

भंडारदरा धरण उसासाठी बांधले गेले नव्हते, हे आज प्रवरा खोऱ्यातून जाताना खरे वाटत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या लागोपाठच्या दुष्काळांनी नगर जिल्हा पार खचला होता. माणसे आणि जनावरे तगावीत म्हणून रतनगडावरून येणारी प्रवरा अकोले तालुक्यात अडवायचे ठरले. १९१० साली काम सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी धरणाचे उद्‌घाटन केले. सरकारदरबारी त्यांचेच नाव धरणाला लागले.

भिंत दगड-चुन्याची, ८२ मीटर उंच. साठा सुमारे ११ टीएमसी (म्हणजे ११ अब्ज घनफूट). धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते.

गणित पुढे बदलले. पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीवाला पाटाचे पाणी मागत नसे आणि मग पाणीपट्टी बुडे. कालव्याचा खर्च भरून निघायचा तर बारमाही पाणी पिणारे पीक हवे होते. ऊस आला तो असा. हरेगावच्या खासगी साखर कंपनीसाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने गेल्या. त्या परत मिळवण्यासाठी खंडकऱ्यांच्या, म्हणजे जमिनी खंडाने दिलेल्या शेतकऱ्यांच्या, पिढ्या झगडल्या. मला या इतिहासातला हा सर्वांत दुखरा भाग वाटतो. याच पाण्यावर १९५० साली लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. रात्री-अपरात्री फावडे घेऊन दारे धरणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला, ही साधी गोष्ट नव्हती. पाण्याने वैभव आणले, तसेच नुकसानही केले. काळ्या, निचरा नसलेल्या रानांत पाणी मुरत राहिले, मीठ वर आले आणि चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या.

भिंतही थकत होती. १९६९ मध्ये तिच्यातून मोठी गळती लागली. पाणीपातळी उतरवून डागडुजी झाली आणि पुढे मागच्या बाजूने भक्कम टेकू बांधून भिंतीला आधार दिला गेला. आज धरणाकडे खालून पाहिले की हे टेकू आधी नजरेत भरतात.

कालव्यांपासून दूर राहिलेल्या संगमनेर, राहाता, कोपरगाव, सिन्नरच्या जिराईत गावांसाठी खाली निळवंडे धरण झाले. १९७० मध्ये मंजुरी मिळालेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे जलपूजन व्हायला २०२३ उजाडले. दरम्यान, २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे, म्हणजे खोऱ्यातले पाणी वरच्या-खालच्या भागांत न्याय्य वाटण्याचे, तत्त्व आणले. त्यामुळे तुटीच्या वर्षी भंडारदरा-निळवंड्याचे पाणी खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणालाही सोडावे लागते आणि नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद पुन्हा न्यायालयात जातो. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्या मात्र या वाटपाच्या चर्चेत क्वचितच येतात. उन्हाळ्यात तिथल्या बाया अजूनही हंडे घेऊन पाण्यासाठी डोंगर चढतात-उतरतात.