ऑफिसात ईक्यू (भावनिक बुद्धिमत्ता) आला कुठून?

अप्रेझलच्या फॉर्मवर ‘टीममधली वागणूक’, ‘प्रेशरमध्ये शांत राहणं’ असे रकाने असतात, जॉईन होताना एखादी पर्सनॅलिटी टेस्ट पण देऊन झालेली असते, आणि आपल्याला वाटतं हे एचआरवाल्यांचं खूळ. पण यातलं बरंच काही लष्करातून आलंय.

अमेरिका १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तोफांच्या भडिमारात कोणाचं मन टिकणार नाही हे भरतीच्या वेळीच कळावं म्हणून मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थने हो-नाहीच्या प्रश्नांची एक यादी बनवली, पण ती नीट वापरात येईपर्यंत युद्धच संपलं. मग तसलीच प्रश्नपत्रिका हळूहळू सगळीकडे पसरली.

पुढचं काम तर भलतंच चिकाटीचं. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये वेबस्टरची डिक्शनरी चाळून माणसांचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द काढले, त्यांच्याच क्षेत्रातल्या कॅटेलने त्यातून गाळत गाळत १६ घटकांची टेस्ट केली, आणि १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना दिसलं की फिरून फिरून पाचच गोष्टी हाती लागतात. बोलघेवडेपणा, मिळतंजुळतं घेणं, कामातला चोखपणा, मनाची स्थिरता आणि नव्याची ओढ, ढोबळमानाने हेच आजचे ‘बिग फाइव्ह’. पण हे छापलं हवाई दलाच्या रिपोर्टात, त्यामुळे बाहेर फार कोणी वाचलंच नाही.

ऑफिसांमध्ये मात्र गाजली ती मायर्स-ब्रिग्ज नावाची पर्सनॅलिटी टेस्ट, जी माणसाच्या स्वभावाला चार अक्षरांचा एक कोड देते. ती बनवली आई-मुलीने, दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं आणि मुलगी इझाबेल आधी डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहायची! चार अक्षरांत आख्खा माणूस बसवायचा म्हटलं की लोकांना आवडतंच. संशोधक मात्र तिला फारसा भाव देत नाहीत. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी बिग फाइव्हवरचे शंभरावर अभ्यास एकत्र करून पाहिलं तर सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत कामाशी संबंध दिसला तो चोखपणाचा, आणि तोही बेताचाच. ज्याच्यावर कोणी टी-शर्ट छापत नाही असा गुण.

ईक्यूचं म्हणाल तर सालोवी आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावना ओळखणं, समजणं, हाताळणं ही एक क्षमता आहे असं साधं मांडलं होतं. १९९५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं, टाइम मासिकाने कव्हरवर घेतलं, आणि ईक्यूच्या नावाखाली चिकाटी, आशावाद, स्वतःला आवर घालणं असं सगळंच कोंबलं गेलं, म्हणजे बिग फाइव्हमधलंच बरंचसं नव्या पाटीखाली परत आलं. मेयर मंडळींनी यावर आक्षेपही घेतला, पण तोवर कॉर्पोरेट ट्रेनिंगची गाडी सुटली होती.

मला यात जास्त महत्त्वाची वाटते ती समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड. तिने १९८३ मध्येच एअर होस्टेसचा अभ्यास करून सांगितलं होतं की चेहऱ्यावर हसू ठेवणं हेही श्रमच आहेत आणि कंपनी ते विकत घेते. पुढे २०१० मध्ये जोसेफ आणि न्यूमन या संशोधकांनी ईक्यूवरचे बरेच अभ्यास एकत्र केले, त्यातही हेच निघालं की भावनिक बुद्धिमत्तेचा कामाला उपयोग दिसतो तो मुख्यतः अशाच, दिवसभर लोकांना सांभाळायच्या नोकऱ्यांमध्ये. बाकी ठिकाणी फारसा नाही, पण रकाना सगळ्यांच्या फॉर्मवर असतो.