अकरावी-बारावी : शाळा की कॉलेज, आणि गुण कशाला?

नव्वदच्या दशकात निकालाच्या दिवशी शेजारीपाजारी एकच चौकशी असायची, पीसीएमला (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) किती पडले? आता बारावीचे गुण कुणी फारसे विचारत नाही, सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचं पर्सेंटाइल विचारतात. हे असं का झालं, हे कळायला अकरावी-बारावीचा जन्म कसा झाला ते आधी पाहावं लागतं.

मॅट्रिक म्हणजे मुळात विद्यापीठाचीच प्रवेश परीक्षा. १८५७मध्ये मुंबईत विद्यापीठ निघालं आणि आत कुणाला घ्यायचं ते विद्यापीठच ठरवू लागलं. १९४९पासून मॅट्रिकच्या जागी एसएससी आली, म्हणजे दाराची किल्ली शालेय मंडळाकडे गेली. तेव्हा अकरा वर्षांची शाळा, मग कॉलेज. डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं तर इंटर सायन्सचे, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचे, गुण लागत.

पुढे १९६४-६६च्या शिक्षण आयोगाच्या शिफारशींतून १०+२+३ आलं, म्हणजे दहावीपर्यंत शाळा, मग अकरावी-बारावी, मग तीन वर्षांची पदवी. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली तुकडी १९७५मध्ये बाहेर पडली. मधली दोन वर्षं शालेय शिक्षणाचाच भाग असणार होती. पण आपल्याकडे ती काही ठिकाणी हायस्कुलांना आणि बऱ्याच ठिकाणी पदवी महाविद्यालयांना जोडली गेली, आणि नाव पडलं ‘कनिष्ठ महाविद्यालय’. या नावाने फार घोळ केला. परीक्षा शालेय मंडळाची, शिक्षकाला बी.एड. हवं, कागदोपत्री ‘उच्च माध्यमिक’. पण मुलांच्या आणि पालकांच्या लेखी ते कॉलेजच. शाळेची शिस्त सुटली आणि विद्यापीठाचा विचार काही आला नाही. या दोन वर्षांना हक्काचं घर कधी मिळालंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कला, वाणिज्य, विज्ञान या शाखा सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याबरोबर द्विलक्षी अभ्यासक्रम होते. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडायचा आणि त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्रासारखा २०० गुणांचा विषय घ्यायचा. हाताला कौशल्य मिळावं हा हेतू चांगला होता, पण बहुतेकांनी तो गुण वाढवायला वापरला आणि त्यात मराठी सुटली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, सुरू झाले. ‘कमी गुणवाल्यांसाठी’ हा शिक्का त्यांच्यावरून कधी पुसला गेला नाही.

सीईटी वैद्यकीयसाठी १९९९मध्ये आली, अभियांत्रिकीसाठी त्यानंतर काही वर्षांनी. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पट्टीने मोजता येत नाहीत, हा तिच्या बाजूचा मुद्दा खरा होता. पण त्या क्षणी बारावी ‘गुणवत्ता’ न राहता नुसती ‘पात्रता’ झाली. आज अभियांत्रिकीला खुल्या गटासाठी पीसीएममध्ये ४५ टक्के आणि राखीव गटांसाठी ४० टक्के मिळाले की पुरे. मग वर्गात बसायचं कशाला? क्लासचं कॉलेजशी ‘टायअप’, प्रवेश एकीकडे आणि शिकणं दुसरीकडे, प्रयोगशाळा कुलूपबंद. २०१८मध्ये राज्याने मोठ्या शहरांच्या विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, यातच दुखणं किती मुरलं होतं ते दिसतं.

या साऱ्यात एक निर्णय वेगळा होता आणि त्याच्यावर अन्याय झाला, असं मला वाटतं. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्याने अभियांत्रिकीची स्वतःची सीईटी बाजूला ठेवली. गुणवत्ता यादी निम्मी बारावीच्या आणि निम्मी जेईई मेन या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागली. देशपातळीवर तेव्हा जेईईतच बारावीला ४० टक्के वजन होतं. विरोधकांची तक्रार होती की जेईईचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या मुलांना परका पडतो आणि ग्रामीण मुलं मागे राहतात. ती तक्रार रास्त होती. पण त्यावर उपाय म्हणून परीक्षा बदलता आली असती; बारावीचं वजन काढायचं कारण नव्हतं. २०१६मध्ये सीईटी परतली आणि बारावीचं वजन गेलं. २०१७पासून जेईईनेही ते काढलं. मंडळांचे गुण समान पट्टीवर आणणं किचकट आहे हे खरं, पण तामिळनाडूत २००७पासून अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवरच चालतात. म्हणजे अशक्य नव्हतं.

त्यानंतर घडामोडींची रांगच लागली. २०१७पासून वैद्यकीयसाठी नीट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा सर्वत्र सक्तीची. २०२१मध्ये कोविडमुळे बारावीची लेखी परीक्षाच रद्द झाली, दहावी-अकरावीचे गुण आणि बारावीचं अंतर्गत मूल्यमापन मिळून ३०:३०:४० असा निकाल लागला. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामायिक परीक्षा आली. २०२३मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून देऊन नीटला बसायची मुभा मिळाली, त्यामुळे अकरावीत घेतलेला ‘ग्रुप’ (गणिताचा की जीवशास्त्राचा) आयुष्यभराचा राहिला नाही. आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानला आहे. कनिष्ठ महाविद्यालय या नावाचं त्यात काय करायचं, ते मात्र राज्यालाच ठरवावं लागेल.