मेल, देवनागरी आणि जुन्या सर्व्हरचं ओझं

परभणी-नांदेडकडच्या डीटीपी सेंटरात युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा एकच संकेतसंच) रुळेपर्यंत मेलबरोबर एक सूचना हमखास यायची: ‘सोबतचा फाँट आधी टाकून घ्या.’ तो टाकला नाही तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा काला. बोल लागायचा मेल सर्व्हरला. बिचाऱ्याने बाइट जसेच्या तसे पोचवलेले असायचे. रोमन संकेतांवर मराठी आकार बसवायची करामत फाँटची.

सर्व्हरचं दुखणं वेगळं आणि जुनं. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरने सर्व्हरला मेल धाडायचे, नियम लिहिले ते सात बिटांच्या ॲस्कीसाठी, म्हणजे रोमन अक्षरं-आकड्यांच्या १२८ संकेतांसाठी. रोमनबाहेरच्या लिप्यांना लागणारा आठवा बिट वाटेतला एखादा सर्व्हर सरळ पुसून टाकी. पुढे असे सर्व्हर जगभर पसरले आणि सगळे एकदम बदलणं अशक्य झालं. म्हणून १९९२ मध्ये बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी माइम आणलं. सर्व्हरला हात लावायचा नाही, मजकुरालाच ॲस्कीचा वेष चढवायचा.

देवनागरीला तो वेष महाग पडतो. ‘नांदेड’ म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार धरून सहा चिन्हं. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत चिन्हाला तीन, म्हणजे १८ बाइट. माइमच्या दोन वेषांपैकी बेस६४ केलं की २४ अक्षरं, कोटेड-प्रिंटेबल केलं तर ५४! विषयाच्या ओळीत एका तुकड्याला ७५ अक्षरांचीच मुभा, त्यामुळे बेस६४ मध्ये जेमतेम १५ चिन्हं मावतात. चिन्हाच्या मधोमध तुकडा पाडायला नियमाने मनाई आहे, तरी काही प्रोग्रॅम पाडतात आणि विषयात प्रश्नचिन्हं उगवतात.

१९९३ मध्ये ‘एहलो’ ही सर्व्हरला नमस्कार घालायची नवी आज्ञा आली. जोडणी होताच समोरचा सर्व्हर स्वतःला काय काय जमतं ते सांगू लागला. आठ बिट जमत नसतील तर पोस्टफिक्ससारखा सर्व्हर मजकूर सात बिटांत उतरवून पुढे धाडतो. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती हीच युक्ती.

पत्ता मात्र रोमनच राहिला. २००८ च्या प्रायोगिक नियमांत पर्यायी रोमन पत्ता सोबत धाडायची सोय होती. २०१२ च्या एसएमटीपीयूटीएफ८ या नियमांत ती काढली. आता देवनागरी पत्त्याचा मेल न जमणाऱ्या सर्व्हरपाशी पोचला की परत फिरतो. पोस्टफिक्सने २०१५ मध्ये, ३.० आवृत्तीत, एसएमटीपीयूटीएफ८ ची सोय दिली. पण जुन्या सेटिंगवर नवी आवृत्ती चढवली तर ती बंदच राहते, आणि ॲस्कीबाहेरचा पत्ता आला की ‘जुन्या पद्धतीचं मूल्य वापरतोय’ एवढीच नोंद लॉगमध्ये पडते. ती वाचून सेटिंग बदलायचं काम ॲडमिनचं.