ब्रेक खरं तर दाबतं कोण?

एक प्रयोग करून बघा. गाडी सपाट जागी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा. दर वेळी ते टणक होत जाईल आणि शेवटी दगडावर पाय ठेवल्यासारखं वाटेल. आता पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल आपसूक थोडं खाली जाईल. पाय तोच, जोर तोच. मग पेडल खाली नेलं कोणी?

‘व्हॅक्यूमने ओढलं,’ असं उत्तर हमखास मिळतं. पण निर्वात काही ओढत नसतं. जिथे काही नाहीच, ते ओढणार कशाने? ढकलते ती पलीकडची हवा.

हे सगळं सांगायचं कारण असं, की जुन्या आलिशान गाड्यांचे शौकीन मूळची, ऑइलच्या दाबाने पायाला मदत करणारी हायड्रॉलिक ब्रेक-यंत्रणा काढून तिथे साधा व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे हवेच्या दाबाने पायाचा जोर वाढवणारा डबा, बसवतात, आणि वर ‘मोठा बूस्टर टाकला, आता गाडी जागेवर थांबते’ असंही सांगतात. गाडी थांबते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने. चाक लॉक होण्याइतका ब्रेक लागला, की त्यापुढे बूस्टर केवढाही असो, थांबायचं अंतर तसूभरही घटत नाही. बूस्टर वाचवतो ते पायाचे कष्ट.

मुळात ही यंत्रणा बदलावी का लागते? १९८५ ची लिंकन मार्क सेव्हन किंवा १९८८ पासूनची जॅग्वार एक्सजेएस घ्या. यांत टेव्हिस कंपनीची यंत्रणा होती. बूस्टर, मास्टर सिलेंडर (पायाच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे दाबणारी नळी) आणि एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), तिन्ही एकाच ठोकळ्यात. शेजारी विजेचा पंप आणि एक काळा गोळा, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. गोळ्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला ब्रेक ऑइल. द्रव दाबून लहान होत नाही, त्यामुळे स्प्रिंगचं काम वायूला करावं लागतं. पंप ऑइलचा दाब साधारण १४० ते १८० बार ठेवतो (एक बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो). एवढ्या दाबाला ३४० किलोचा जोर (हा आकडा पुढे पुन्हा भेटेल) द्यायला अंगठ्याच्या पेराएवढा पिस्टन पुरतो.

पण रबरातून नायट्रोजन वर्षानुवर्षं झिरपत राहतो. गोळा रिकामा झाला की प्रत्येक ब्रेकला पंप घरघरतो, तापतो आणि एक दिवस जळतो. जुनी गाडी ‘रुसली’, तिला ‘मालक बदललेला सोसला नाही’ असं म्हणणारे भेटतात. रुसत वगैरे काही नाही, तिच्यातला वायू संपलेला असतो.

आता व्हॅक्यूम बूस्टर. ही कल्पना बेल्जियमच्या अल्बेर दवांद्र यांची, १९२७ ची. ताटाएवढा पत्र्याचा डबा, मधोमध रबरी डायफ्रॅम, म्हणजे पडदा. पाय वर असताना दोन्ही बाजूंची हवा इंजिनाने शोषून घेतलेली असते, म्हणून डायफ्रॅम स्वस्थ. पेडल दाबलं की मागच्या बाजूची झडप उघडते आणि बाहेरची हवा आत घुसते. डायफ्रॅमचा व्यास २५ सेंटीमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटीमीटर. दोन बाजूंच्या दाबातला फरक दर चौरस सेंटीमीटरला ०.७ किलो. गुणाकार करा: ३४० किलोच्या आसपास. हेच ते पेडल खाली नेणारे हात.

पण हवा एकदा आत शिरली की पूर्ण ३४० किलो का लागत नाहीत? हलकासा ब्रेक मारला तर हलकाच लागतो, हे त्या डब्याला कळतं कसं? माझ्या मते अख्ख्या गाडीतली सर्वांत देखणी वस्तू इथे आहे: रबराची एक छोटीशी चकती, रिअ‍ॅक्शन डिस्क.

चकतीच्या पुढे मास्टर सिलेंडरला ढकलणारा पुशरॉड. मागे, कडेकडेने, डायफ्रॅमला जोडलेलं अंग टेकतं. आणि नेमक्या मध्यावर टेकतो पायाने ढकललेला छोटा दांडा. चकती चहूबाजूंनी कोंडलेली आहे. कोंडलेलं रबर द्रवासारखं वागतं, म्हणजे पास्कलच्या नियमाने त्यात सगळीकडे दाब सारखा. मधल्या दांड्याचा व्यास चकतीच्या निम्मा असेल तर त्याचं क्षेत्रफळ पाव. म्हणून पुशरॉडला लागणाऱ्या जोराचा बरोबर पाव भाग पायाकडे परततो. डायफ्रॅमने जास्त जोर लावला, की रबर मध्यावर फुगून दांड्याला मागे रेटतं, दांडा हवेची झडप मिटतो. पायाने आणखी रेटलं, की झडप पुन्हा उघडते. ना सेन्सर, ना संगणक. एक रबर सेकंदाच्या अंशात भागाकार करून मोकळं होतं.

यंत्रणा बदलताना हे गणित पुढेही न्यावं लागतं. पायाचा जोर २५ किलो, पेडलच्या तरफेने चौपट, म्हणजे १००. चकतीने पुन्हा चौपट, ४००. मास्टर सिलेंडर २५ मिलिमीटरचा असेल तर ऑइलचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ८२ किलो, २२ मिलिमीटरचा असेल तर १०५. लहान सिलेंडर जास्त दाब देतो, पण पेडल जास्त खोल जातं. शिवाय टेव्हिसच्या मूळ रचनेत मागच्या चाकांना दाब थेट बूस्टरमधून मिळायचा. आता तो मास्टर सिलेंडरने पुरवायचा, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण नव्याने जुळवणं आलं, नाहीतर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गिरकी घेते. आणि ठोकळ्यासोबत एबीएसही गेलं, हे ‘युनिव्हर्सल किट’ विकणारे फार हळू आवाजात सांगतात.

रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोच्या (१९६५) बाबतीत मात्र हा नाद सोडलेला बरा. तिची हायड्रॉलिक रचना सिट्रोएन या फ्रेंच कंपनीकडून परवान्याने घेतलेली. मागचा भाग समतल ठेवण्याचं कामही तेच उच्च दाबाचं ऑइल करतं. एक धागा ओढला की सगळं उसवतं.

टेव्हिसचा गोळा खोलण्याआधी चावी बंद ठेवून पेडल किमान २५ वेळा दाबायचं. एरवी १८० बारचं ऑइल तोंडावर येतं. नवा बूस्टर बसवल्यावर पहिला संशय घ्यायचा पुशरॉडचा. तो अगदी थोडा लांब झाला तरी मास्टर सिलेंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, तापलेलं ऑइल फुगतं आणि पाय न लावता ब्रेक धरतो. थोडं अंतर चालवून आणा, गाडी जॅकवर घ्या आणि चाक हाताने फिरवून बघा. जड लागलं तर बूस्टर आणि मास्टर सिलेंडरमधले दोन नट दोन-दोन आटे सैल करा. चाक लगेच मोकळं फिरलं, तर पुशरॉड लांब आहे.