गटात गणित: बर्कलीपासूनची गोष्ट

गणिताच्या तासाला चार-चार पोरांचे गट करा म्हटलं की बहुतेक सरांना एकच भीती असते, एक हुशार पोरगं सोडवणार आणि बाकीचे तिघं उतरवून घेणार. भीती खरी आहे, मी स्वतः असं होताना बघितलंय. पण ही पद्धत आली कुठून ते पाहिलं तर सुरुवातीला ती अशी नव्हतीच.

माणसं सहकार्यात कशी वागतात आणि स्पर्धेत कशी, यावर मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्येच मांडणी केली होती. पण गणितापुरतं बोलायचं तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बर्कलीचं काम.

१९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या कॅम्पसवर युरी ट्राइझमन नावाचा एक रिसर्च स्टुडंट होता. आफ्रिकन-अमेरिकन मुलं कॅल्क्युलसमध्ये (कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या गणितात) एवढी का नापास होतात हे त्याने प्राध्यापकांना विचारलं, तर उत्तरं ठरलेली, जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. मग त्याने २० आफ्रिकन-अमेरिकन आणि २० चिनी वंशाची मुलं घेतली आणि ती अभ्यासाला बसतात कशी हे त्यांच्यासोबत राहून बघितलं, आणि वरची सगळी उत्तरं चुकीची निघाली! आफ्रिकन-अमेरिकन मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. २० पैकी १८ जण वर्गातल्या कुणासोबत कधी बसलेच नव्हते, कारण शाळेत एकट्याच्या जोरावरच तर ती पुढे आली होती. चिनी मुलं आधी आपापलं सोडवायची आणि मग एकत्र बसून ताळा करायची, एकाचं उत्तर वेगळं आलं तर बाकीचे त्याची चूक शोधून द्यायचे, आणि सगळेच अडले तर कळायचं की गणितच अवघड आहे, आपण ढ नाही. एकट्या मुलाला हे कळणार कसं?

म्हणून १९७८ मध्ये ट्राइझमनने वर्कशॉप सुरू केलं, आणि ते कच्च्या मुलांचा जादा तास म्हणून नाही तर हुशारांसाठी म्हणून. गणितं मुद्दाम अवघड, आधी स्वतः डोकं लावायचं मग गटात बोलायचं, शिकवणारा फक्त फिरत राहणार. गणित असं की एकट्याला पटकन सुटणारच नाही, मग उतरवणार काय. आपल्याकडे गट करतात आणि पाढ्यासारखी सोपी गणितं देतात, तिथेच सगळं बिघडतं असं मला वाटतं.

१९८८ मध्ये हाच प्रयोग टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला सुरू झाला. तिथल्याच गणित विभागात आर. एल. मूर या गणितज्ञांनी कित्येक वर्षं उलट पद्धतीने शिकवलं होतं, मुलांनी एकमेकांशी प्रश्नावर बोलायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही, सिद्धता एकट्याने आणायची. काळ्या विद्यार्थ्यांना तर ते शिकवायलाच नकार द्यायचे. गणित विभागाच्या बिल्डिंगला त्यांचंच नाव होतं, ते निघालं २०२० मध्ये.