गणवृत्त की मात्रावृत्त? दोन ओळी लावून बघा

कविता दिली आणि वृत्त ओळखायला सांगितलं की बहुतेक जण पहिल्या ओळीच्या मात्रा मोजतात (लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन). घोटाळा तिथेच होतो, कारण ओळींच्या मात्रा गणवृत्तात आणि मात्रावृत्तात, दोन्हीकडे जुळतात.

मनाच्या श्लोकांतली ही ओळ घ्या: ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’. अक्षरं 12. लघुला ‘ल’, गुरूला ‘गा’ असं मांडलं की लगागा, लगागा, लगागा, लगागा. म्हणजे चार वेळा ‘य’ गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), वृत्त भुजंगप्रयात. मात्रा भरतात 20. पुढच्या ओळीतही, ‘तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावे’, मात्रा 20 आणि अक्षरं 12. पण खरी खूण वेगळीच आहे: वरच्या ओळीत जिथे लघु, तिथेच खालीही लघु. एकही जागा हललेली नाही.

आता बालकवी:

श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे
क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे

पहिल्या ओळीत अक्षरं 20, दुसरीत 22. मात्रा मात्र दोन्हींत 30, आणि त्याही 8, 8, 8, 6 अशा तुकड्यांत. ‘श्रावण’ गालल, तर ‘क्षणात’ लगाल. पहिलाच गण वेगळा. दोन रुपयांचं एक नाणं टाका नाहीतर रुपया-रुपयाची दोन, गल्ल्यात भर तेवढीच. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, ही मुभा असते, गणवृत्तात नसते. (‘चोहीकडे’ ऐवजी ‘चोहिकडे’ का, तेही इथे कळतं. दीर्घ ‘ही’ने 31 मात्रा झाल्या असत्या.)

म्हणून एका ओळीवर निकाल देऊ नका. दोन ओळींचा लगक्रम एकाखाली एक लिहा. उपजाती या मिश्र गणवृत्तात पहिलं अक्षर कधी लघु, कधी गुरू येतं, तेवढा अपवाद धरून चाला. बाकी जागा तिथेही पक्क्याच.

मोजताना जोडाक्षरापाशी थांबा. ‘सज्जना’तला ‘स’ गुरू, कारण पुढच्या ‘ज्ज’चा आघात त्याच्यावर येतो. ‘तुझ्या’तला ‘तु’ मात्र लघुच. तिथे आघात नाही. हे डोळ्यांनी ठरत नाही, ओळ मोठ्यानं म्हणावी लागते.

ओवी-अभंगांना यातलं काहीच लावू नका. मोठ्या अभंगात 6-6-6-4 अशी नुसती अक्षरं मोजायची, लघु-गुरूचा हिशेबच नाही.