पार्श्वभूमी: ‘मुका माज’ आणि ठरल्या वेळेचे रेतन

गाईंच्या कृत्रिम रेतनाची वेळ माजावरून (गाय गाभण राहायला तयार असण्याच्या काळावरून) ठरवण्याचा नियम १९४० च्या दशकातल्या प्रयोगांनी पक्का झाला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांनी स्त्रीबीज सुटते, त्यावर हे गणित बेतलेले आहे. १९४९ मध्ये ग्लिसरॉलच्या मदतीने शुक्राणू गोठवून जिवंत ठेवता येतात हे कळले आणि पुढे रेतमात्रा वर्षानुवर्षे टिकू लागल्या. माज मात्र साठवता येत नव्हता, तो कोणीतरी पाहावाच लागे.

‘मुका माज’ या शब्दाचा घोळ या पाहण्यापाशीच सुरू होतो. गोठ्यात हा शब्द तीन निरनिराळ्या गाईंना लावला जातो. पहिलीचे ऋतुचक्र नियमित असते, ती माजावरही येते, पण पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटते. दुसरीचे स्त्रीबीज सुटते, पण लक्षणे उमटत नाहीत. तिसरीचे चक्रच बंद असते, अंडाशयावर पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर त्या जागी बनणारी, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडणारी ग्रंथी) नसतो. खरा मुका माज फक्त दुसरीचा. व्याल्यानंतरचे पहिले स्त्रीबीज बहुधा असेच गुपचूप सुटते. माजाचे वर्तन उमटण्यासाठी आधी काही दिवस अंगात प्रोजेस्टेरॉन असावे लागते आणि पहिला पीतपिंड तयार होईपर्यंत ते नसते. म्हशींत ओळखणे आणखी कठीण, कारण एकमेकींवर उडी घेणे क्वचित दिसते आणि माज पुष्कळदा रात्री येऊन जातो.

१९७० च्या दशकात दुधातले प्रोजेस्टेरॉन मोजता येऊ लागले आणि या घोळात मोजता येणारा पुरावा मिळाला. आठवड्यातून दोनदा नमुने घेतले आणि पातळी सुमारे २१ दिवसांच्या फेऱ्यांत चढताना-उतरताना दिसली, की चक्र चालू आहे. ‘मुक्या’ ठरवलेल्या बऱ्याच गाई अशाच निघाल्या. उलट रेतनाच्या दिवशीच पातळी चढी असलेल्या, म्हणजे माजावर नसताना रेतन झालेल्या गाईही सापडल्या. तरी शब्द टिकला, आणि तो नुकसानच करतो. तो वापरला की दोष गाईवर जातो. दूध काढण्याची गडबड नसताना, दिवसातून किमान दोनदा, २० ते ३० मिनिटे थांबून पाहिले का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. भरपूर दूध देणाऱ्या गाईत कळपातल्या इतर गाईंना अंगावर चढू देण्याचा काळ दहा तासांच्याही आत आला आहे. तो रात्री सुरू होऊन सकाळपर्यंत संपू शकतो.

प्रोस्टाग्लँडिन एफ-२ अल्फा गाईचा पीतपिंड विरघळवते आणि तिला माजावर आणते, हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध झाले. मात्रा २५ मिग्रॅ डायनोप्रॉस्ट किंवा ५०० मायक्रोग्रॅम क्लोप्रोस्टेनॉल. चक्राच्या पहिल्या पाच दिवसांत पीतपिंड दाद देत नाही, म्हणून ११ ते १४ दिवसांच्या अंतराने दोन इंजेक्शने देण्याची पद्धत पडली. गाभण गाय या औषधाने गाभडते, तेव्हा आधी गर्भतपासणी हवीच. ते त्वचेतूनही शोषले जाते, म्हणून गर्भवती स्त्रिया आणि दम्याच्या रुग्णांनी हाताळू नये. इतके करूनही माज दोन ते पाच दिवसांत विखरून येई, कारण त्या वेळी पुटक (स्त्रीबीज असलेली अंडाशयातली पिशवी) किती वाढलेले आहे यावर माजाची वेळ ठरते. पुन्हा पाहणे आलेच.

१९८० च्या दशकात सोनोग्राफीने दाखवले की पुटके एका चक्रात दोन किंवा तीन लाटांनी वाढतात. मग लाटही हाताळता आली आणि १९९५ मध्ये ओव्हसिंक हे ठरल्या वेळेच्या रेतनाचे वेळापत्रक आले. पहिल्या दिवशी जीएनआरएच (पुटक फोडून स्त्रीबीज सोडायला लावणारे संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर ४८ तासांनी (पुढे अनेकांनी ५६ तास केले) पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी रेतन, माज दिसो वा न दिसो.

यात अडते ते बहुधा पहिल्या पायरीवर. पुटक सुमारे १० मिमीपेक्षा लहान असेल तर पहिल्या जीएनआरएचने ते फुटत नाही आणि नवी लाट सुरू होत नाही. चक्राच्या उत्तरार्धात सुरुवात केली तर गाय ठरल्या वेळेआधीच माजावर येते. पाचव्या ते नवव्या दिवसातली सुरुवात सर्वांत लाभते. ती साधावी म्हणून १४ दिवसांच्या अंतराने दोन प्रोस्टाग्लँडिन देऊन, मग ११-१२ दिवसांनी ओव्हसिंक सुरू करतात. काही गाईंत पीतपिंड पुरता विरघळत नाही, त्यांना २४ तासांनी दुसरे प्रोस्टाग्लँडिन देतात. माणसांच्या चुका वेगळ्याच: चारही पायऱ्यांवर १०० पैकी ९५ गाईंना बरोबर वेळी हात लागला, तरी सगळे बिनचूक झालेल्या गाई ८१-८२ च उरतात.

वरच्या तिघींपैकी पहिलीला या वेळापत्रकाचा पूर्ण फायदा मिळतो आणि दुसरीलाही मिळतो. चक्र बंद असलेल्या तिसरीला ते एकटे पुरत नाही. तिला पहिल्या जीएनआरएचच्या दिवशी योनिमार्गात प्रोजेस्टेरॉन सोडणारे साधन बसवायचे आणि सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन देताना काढायचे.